मधला खंड

सासूबाईंनी लिहिलेली कादंबरी आपण वाचलेली नाही, हे पटकथाकारानं इतकी वर्षं इतक्या निगुतीनं लपवलं होतं की अलीकडे त्याला आपण ती वाचली आहे असंच वाटायला लागलं होतं. चार लोकांत विषय निघाला की तो डोळे किंचित मिटून म्हणायचा, "काय ती कल्पनाशक्ती! रात्रभर जागून वाचली मी." हे वाक्य तो पहिल्यांदा बोलला तेव्हा लग्न नवं होतं आणि सासूबाईंसमोर छाप पाडायची गरज होती. पुढे गरज संपली, वाक्य मात्र तोंडात बसलं.

कादंबरी तीन खंडांची होती. 'निळ्या नदीचं राज्य'. सासूबाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर जगात नसलेल्या प्रदेशाचा भूगोल लिहायला घेतला. त्यात राजकन्या होती, बोलणारा घोडा होता, राज्यावर हळूहळू चढत येणारं काळं धुकं होतं आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला हातानं काढलेला नकाशा होता. नकाशे पटकथाकारानं सगळे बघितले होते.

एक दिवस निर्मात्याच्या ऑफिसात बसलेला असताना निर्माता म्हणाला, "लेखकसाहेब, या वेळी जादूबिदू, राजाराणी असं काहीतरी पाहिजे. लहानांनी बघावं आणि मोठ्यांनी डोळे पुसावेत. आहे काही?"

पटकथाकाराच्या तोंडून सवयीनं वाक्य निसटलं. "माझ्या सासूबाईंची कादंबरी आहे ना. रात्रभर जागून वाचली मी."

"मग झालं तर! तुम्ही म्हणताय म्हणजे मला वाचायची गरज नाही. लागा कामाला."

संध्याकाळपर्यंत बातमी सासरी पोचली. सासूबाईंचा फोन आला. त्या फारशा बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "तुम्ही करताय म्हणजे मला काळजी नाही. घरचं माणूस आहे, पुस्तक वाचलेलं माणूस आहे." पटकथाकारानं फोन ठेवला. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून तिन्ही खंड काढले, धूळ झटकली आणि मनाशी म्हणाला, आता तरी वाचू. कुणाला कळणार आहे?

पहिला खंड त्यानं खरोखर वाचला, आणि त्याला तो आवडला. याचीही त्याला लाजच वाटली, कारण आवडलेली गोष्ट आवडली म्हणून सांगायची सोय आता उरली नव्हती. पहिल्या खंडात नदीकाठी राहणारी एक म्हातारी नावाडीण होती. ती राजकन्येला लहानपणापासून सांभाळते, तिला होडी वल्हवायला शिकवते, आणि धुक्याचं गुपित फक्त तिलाच ठाऊक असतं. खंडाच्या शेवटी ती राजकन्येला म्हणते, "एक गोष्ट तुझ्यापासून लपवली आहे मी." आणि खंड संपतो.

दुसरा खंड वाचायला घ्यायच्या दिवशी घात झाला. तो बाहेर निघाला होता. एका हातात दुसरा खंड, दुसऱ्या हातात पिशवी, आणि किल्ली कुठल्या खिशात आहे ते आठवेना. त्यानं पुस्तक गाडीच्या टपावर ठेवलं, खिसे चाचपले, किल्ली सापडली, तो आनंदानं आत बसला आणि निघून गेला. पुस्तक आठवलं तेव्हा बराच रस्ता मागे पडला होता. तो उलटा फिरला, गाडी हळूहळू चालवत गटारांत डोकावला, फळवाल्याला विचारलं, झाडूवालीला विचारलं. निळं राज्य मधल्यामध्ये गडप झालं होतं.

दुसरी प्रत बाजारात मिळेना. सासूबाईंकडे मागायची म्हणजे आधीची कुठे गेली ते सांगायचं, आणि पाठ असल्यासारखं बोलणाऱ्याला ती आता कशाला हवी हेही सांगायचं. राहिली बायको. तिला त्यानं जेवताना आडून आडून विचारलं.

"आईच्या पुस्तकातला मधला भाग काय जमलाय, नाही?"

"मधला ना? मधला तर फारच छान आहे," बायको ताटातून नजर न उचलता म्हणाली.

"ती नावाडीण... तिचं जे होतं ते... तुला काय वाटतं?"

"ते तुलाच जास्त कळणार. तुझा धंदाच आहे तो. भाजी वाढू?"

शेवटी त्यानं तिसऱ्या खंडातून माग काढायचं ठरवलं. तिसरा खंड त्यानं चाळला. त्यात नावाडीण कुठेच नव्हती. पण तिचं नाव निघालं की माणसं माना खाली घालत होती, राजकन्या नदीकडे फिरकतही नव्हती, आणि एकदा तर ती घोड्याला म्हणते, "तिच्याविषयी बोलू नकोस. सोसत नाही." पटकथाकारानं मांडीवर थाप मारली. सरळ आहे! म्हातारी फितूर झाली. गुपित लपवणारी, विश्वासातली, आणि शेवटी नावसुद्धा नकोसं झालेली. घरभेदी दुसरा कोण असणार?

निर्माता तर खुर्चीतून उठलाच. "वा! राजकन्या नायिका, घोडा सोबती, राजवैद्य मार्गदर्शक, आणि जिनं सांभाळलं तीच उलटली! मध्यंतराला असाच दणका पाहिजे. सासूबाई तुमच्या भारीच हो!"

पटकथा हातोहात लिहून झाली. खोटं सांगायचं तर त्याला मधे मधे टोचत होतं, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मजा येत होती. काळ्या धुक्याच्या राजाला नावाडीण होडीत बसवून आणते तो प्रसंग त्यानं जीव ओतून लिहिला. मग निर्मात्याला नको ते सुचलं.

"चित्रीकरणाआधी एकदा सासूबाईंसमोर वाचू. त्यांच्याच घरी. रविवारी सकाळी. मूळ लेखिकेचा आशीर्वाद घेतलेला बरा."

पटकथाकारानं घसा बसल्याचं सांगितलं. निर्माता म्हणाला, मग मी वाचतो. पटकथाकाराचा घसा तत्काळ बरा झाला.

रविवारी सासरच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सासूबाई खिडकीपाशी, हात मांडीवर ठेवून, परीक्षेला बसल्यासारख्या. सासरे वर्तमानपत्राच्या आड. बायको दाराशी. आणि अगदी समोर, ठेवणीतले कपडे घालून, सासूबाईंची थोरली बहीण बसलेली होती. तिला घरात सगळेच थोरली मावशी म्हणत.

"या जावईबापू," मावशी म्हणाली. "माझं जिथं आहे तिथं जरा सावकाश वाचा हं."

"तुमचं?"

"अहो, ती नावाडीण म्हणजे मीच की! आमची आई गेल्यावर हिला मी वाढवलं. त्यावरूनच तर लिहिलंय हिनं. तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"आहे ना. म्हणजे काय!" पटकथाकार म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मावशीनं शेजारच्या दोन बायकांनाही बोलावलं होतं, पण त्यांना यायला जमलं नाही, असं ती सांगत होती. त्यानं मनातल्या मनात त्या दोघींचे आभार मानले.

पहिला भाग झकास झाला. नावाडीण राजकन्येला वल्हं धरायला शिकवते तिथं मावशीनं डोळ्यांना पदर लावला. पान उलटत उलटत पटकथाकार त्या प्रसंगापाशी आला. रात्र. नदी. होडी. होडीत धुक्याचा राजा. वल्हं कुणाच्या हातात? त्यानं वर पाहिलं. मावशी ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होती.

"...आणि वल्हं मारत होता," पटकथाकार म्हणाला, "राजवैद्य!"

निर्मात्यानं मान वळवली. वर्तमानपत्र खाली आलं.

"राजवैद्य म्हणजे मी ना?" सासऱ्यांनी विचारलं. ते गुरांचे डॉक्टर होते. "मी शत्रूला आणला? मी आयुष्यात कुणाला गाडीतून सोडायलासुद्धा गेलो नाही!"

"तसं दिसतं फक्त," पटकथाकार घाईनं म्हणाला. "खरं तर वैद्याचा वेश घेतलेली ती... राजकन्येची धाकटी बहीण असते."

"ती मी आहे!" दारातून बायको कडाडली. "आईनं मला स्वतः सांगितलंय. तू मला फितूर केलंस? घरी ये तू."

"पूर्ण ऐकून तर घे. तिच्यावर जादू झालेली असते. ती जादू करतो तो... घोडा."

"लेखकसाहेब," निर्माता म्हणाला, "घोडा कशाला फितूर होईल? आणि होडी कसा वल्हवेल?"

मग सासरे दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "घोडा म्हणजे आपला मोत्या होता. गेला बिचारा कुत्रा. मेल्यावर त्याच्यावर असे आळ?"

घरात माणूस उरलं नव्हतं आणि कुत्राही उरला नव्हता. निर्मात्यानं त्याच्या हातातले कागद सरळ ओढून घेतले. "यांना आज बरं नाही. मी वाचतो. ओरिजिनल फार जबरदस्त आहे." आणि त्यानं खणखणीत आवाजात तो सगळा प्रसंग वाचला. म्हातारी नावाडीण, तिचं हसणं, शत्रूशी केलेला सौदा, आणि शेवटचं वाक्य, "पोरीला मीच वाढवलं. मीच बुडवीन."

पटकथाकारानं मान इतकी खाली घातली की हनुवटी छातीला टेकली. फरशीला एक बारीक तडा होता. त्या तड्यातून आत शिरता आलं असतं तर तो शिरला असता. सगळ्यांत आधी थोरली मावशीच बोलली.

"हे... शेवटपर्यंत आहे का माझं काम?"

"शेवटपर्यंत!" निर्माता म्हणाला. "शेवटची लढाई तुमचीच."

"अगं बाई!" मावशी बहिणीकडे वळली. तिचा चेहरा उजळला होता. "जन्मभर मेलं मला सगळ्यांनी गरीब गाय करून ठेवलं. एकदा तरी कुणीतरी मला भ्यायला पाहिजे होतं. तुझ्या पुस्तकातही छानच होतं हं. शेवटी राजकन्या मला मिठी मारते तिथं मी किती रडले होते!"

सासूबाईंनी पहिल्यांदाच हात मांडीवरून उचलले.

"ताई, कुठल्या शेवटी?"

"शेवटीच की. लग्नाच्या वेळी."

"तू दुसऱ्या खंडात बुडून मरतेस. राजकन्येला वाचवताना."

मावशीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. वर्तमानपत्र पुन्हा वर चाललं होतं, ते मधेच थांबलं. त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती दाराच्या कडीत काहीतरी नादुरुस्त झाल्यासारखी कडी हलवत होती.

"नावाडीण मरते हे कुणालाच ठाऊक नाही?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज वर्गातला होता. "एवढे दिवस पुस्तकात घरातलं कोण काय आहे ते मीच सांगत होते, आणि तेवढंच सगळ्यांना येतं होय?"

निर्माता आपला बूट न्याहाळत होता. पटकथाकाराला क्षणभर हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याची शरम वाटली. तो उठून उभा राहिला.

"आई, चूक माझीच आहे. दुसरा खंड माझ्याकडून हरवला. गाडीच्या टपावर राहिला. मी तो वाचलेला नाही. तिसऱ्यावरून अंदाज केला."

सासूबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. आता घराबाहेर काढतात की काय, असं त्याला वाटलं.

"म्हणजे पहिला वाचलात?"

"हो. आवडला. खरंच."

"आणि तिसराही?"

पटकथाकाराच्या जिभेवर 'चाळला' हा शब्द आला. सासूबाईंचे डोळे भरून आले होते.

"बघा," त्या घरातल्या बाकीच्यांना म्हणाल्या. "माझं पोटचं नाही, रक्ताचं नाही. तरी तीनपैकी दोन खंड वाचले यांनी. शिका काहीतरी."

बायकोनं त्याच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं. सासऱ्यांनी ओशाळून मान डोलावली. निर्मात्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. इतकी लाज पटकथाकाराला सबंध सकाळभर वाटली नव्हती.

"आई, तिसरा मी..." त्यानं सुरुवात केली.

"तिसऱ्याचं नंतर बोलू," सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या, कपाटातून दुसऱ्या खंडाची आपली प्रत घेऊन आल्या, चष्मा पुसला आणि पुन्हा खिडकीपाशी बसल्या. "आता कुणीही उठायचं नाही."

कुणी उठलं नाही. निर्मात्याला दुसरीकडे जायचं होतं, पण त्यानंही फोन बंद करून खिशात टाकला. सासूबाई पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. नावाडीण आजारी माणसांना औषध नेऊन देत होती, अनाथ पोरांना जेवू घालत होती, पुरात अडकलेली वासरं काठाला आणत होती. सासरे कौतुकानं ऐकत होते. थोरली मावशी मात्र खुर्चीत चुळबुळत होती. शेवटी तिला राहवेना.

"अगं, पण ही जरा अतीच चांगली नाही का वाटत?"

सासूबाईंनी पान उलटलं.

"धीर धर, ताई," त्या म्हणाल्या. "बुडवतेच आहे."