गेरूचा ठिपका

"बापूराव, यू आर ऑब्स्टिनेट!"

माझ्या एसटीडी बूथचं शटर अजून अर्धंच वर गेलेलं, आणि गणपततात्यांनी मला शिवी हासडली. म्हणजे मला ती शिवीच वाटली. अर्थ 'हट्टी' निघाला.

"अर्थ पुस्तकात ऱ्हातो, बापूराव. वापर माणसावर करावा लागतो." हे त्यांचं पालुपद. रोज एक इंग्रजी शब्द. दिवस मावळायच्या आत तो तीन माणसांवर वापरायचा आणि मगच लेकीच्या जुन्या डिक्शनरीत त्यावर गेरूचा ठिपका द्यायचा. घराणं मेंढपाळाचं. मेंढरं गेली, ऊस आला, पण आपलं जनावर गेरूच्या खुणेनं ओळखायची खोड काही जाईना.

सगळ्या सणसर गावाला ताप! डेअरीत दूध घालणाऱ्या एकाला 'डायल्यूट' म्हणाले, तो भांडायलाच उठला. सोसायटीच्या चेअरमनला तर भर सभेत 'टेम्पररी' ऐकवलं.

एका श्रावणात मात्र गाडं 'रिग्रेट'वर अडलं. आठ दिवस ठिपका नाही. तात्या बूथवर यायचे, बसायचे, लगेच उठायचे, चपला घालून परत काढायचे. मी वैतागलो.

"अहो, माझ्यावर वापरा की! चहा सांडला, रिग्रेट. मिटलं."

"न्हाय. ह्यो एकाच माणसावर वापरायचा हाय."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. डिक्शनरी शालनची. पोरीला इंग्रजीची मास्तरीण व्हायचं होतं. तात्यांनी बारामतीचं कॉलेज मधेच बंद करून तिला लांब सांगलीकडं देऊन टाकली. चार वर्षं ती बापाशी 'जेवलात का' यापलीकडं बोलली नव्हती, पण तात्यांच्या रोजच्या शब्दाचे किस्से गावाकडून तिच्या कानी जातच होते.

नवव्या दिवशी तात्यांनी नंबर पुढं केला. मीच लावला. आमच्या रिसीव्हरचा आवाज मोठा. नको म्हटलं तरी ऐकू यायचं.

"शालन... रिग्रेट," तात्या म्हणाले.

"पुऱ्या वाक्यात सांगा, तात्या."

तात्या उठले, बसले, परत उठले. "तुजं कॉलेज मी बंद केलं. त्याचा मला लई रिग्रेट हाय, बाय."

मीटर पळत होतं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज.

"वापर बरोबर हाय," शालन म्हणाली. "उद्याचा शब्द कुठला?"

फोन ठेवून तात्यांनी खिशातला गेरू काढला. डिक्शनरी घरी राहिलेली. माझ्या नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवरच त्यांनी ठिपका दिला, आणि मी, ऑब्स्टिनेट माणूस, तो अजून पुसलेला नाही.