रीतसर पेटवलेला ढीग

बायको म्हणाली, "तो ढीग तेवढा आज हलवा," तेव्हा भाऊसाहेबांनी मुकाट्याने गाडीवाल्याला बोलावलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. गाडीवाल्याने दोन खेपांत ढीग उचलला असता, भाऊसाहेबांनी आणखी एक कप चहा घेतला असता आणि सुट्टीचा दिवस सुट्टीसारखा गेला असता. पण भाऊसाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "हलवायचा कशाला? जाळून टाकू. रीतसर."

त्या 'रीतसर'मध्ये सगळं आलं.

भाऊसाहेब गावच्या कार्यालयात कारकून. उघड्यावर काही जाळायचं असेल, मग तो बांधावरचा पाला असो की अंगणातली झाडलोट, तर गावात त्यांची परवानगी लागे. आणि ती मिळवणं म्हणजे सोपं काम नव्हतं. माणूस दारात उभा राहिला की भाऊसाहेब आधी खिडकीतून झाडाकडे बघत. पानं हलत असली तर म्हणत, "आज वारा आहे." हलत नसली तर म्हणत, "दुपारी सुटेल." मग ढिगावर फांदी येते का, भोवती वाळलं गवत आहे का, पाणी किती भरून ठेवलंय, टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड यातलं काही आत दडवलंय का, हे सगळं विचारून होई. इतकं करून गडी पास झालाच, तर शेवटी आवाज उतरवून विचारत, "रॉकेल ओतणार नाही ना?" हे ते अशा नजरेने विचारत, की ज्याच्या घरात रॉकेल नाही तोही चाचरायला लागे. पाठीमागे सगळं गाव त्यांना नियमराव म्हणायचं. (भाऊसाहेबांना हे ठाऊक होतं. त्यांना ते पदवीसारखं वाटे.)

मात्र नियमरावांना हसणारेही एक गोष्ट मान्य करत. गेल्या उन्हाळ्यात एक जण बांध पेटवून जेवायला गेला आणि त्याचं ताट वाढून होईपर्यंत शेजाऱ्याचा गोठा वैरणीसकट जळून बसला होता. त्यानंतर भाऊसाहेबांनी आग विझवणारं पथक उभं केलं. गिरणीवाला, शिंपी, सायकलवाला असे दहा-बारा जण. कार्यालयाच्या ओसरीवर एक घंटा टांगली. परवानगी दिली की भाऊसाहेब स्वतः गिरणीत जाऊन सांगत, "आज अमक्याकडे धूर दिसेल, धावू नका." न सांगितलेला धूर दिसला की कुणीही घंटा बडवायची आणि पथकाने हातातलं काम टाकून पळत सुटायचं.

पथकाला शिकवतानाही भाऊसाहेबांनी हात राखला नव्हता. बादल्या कशा फिरवायच्या, जळता ढीग फावड्याने कसा फोडायचा, ते सगळं होतंच. पण त्यांचा सगळ्यात आवडता धडा वेगळा होता.

"आगीपेक्षा अवघड काय असतं?" ते विचारत. "घरमालक. तो घाबरलेला असतो. 'काही नाही, काही नाही' म्हणतो. मी शुद्धीत आहे म्हणतो. मध्ये मध्ये करतो. त्याचं ऐकायचं नाही. हाताला धरून रस्त्यावर न्यायचं, खुर्चीत बसवायचं, डोक्यावर ओला टॉवेल ठेवायचा आणि एका माणसाने घोट घोट पाणी पाजत राहायचं. आणि घरातलं आधी काय बाहेर काढायचं हे त्याला विचारायचं नाही. बाईमाणसाला विचारायचं. पुरुष टीव्ही सांगतो."

हा धडा सगळ्यांना तोंडपाठ होता.

आता मुद्दा होता परसातल्या ढिगाचा. छाटलेल्या फांद्या, वाळलेले वेल, मागच्या हंगामाचा पालापाचोळा असं सगळं परसाच्या फाटकापाशी साठलं होतं. दुसऱ्या बाजूला, हिरव्या जाळीखाली, बायकोची रोपवाटिका होती. पहाटे उठून झारीने पाणी घालायचं, एकेका ट्रेमधली मेलेली रोपं काढून नवी लावायची, असं तिचं वर्षभर चाललं होतं. भाऊसाहेब त्याला 'तुझी हौस' म्हणत. यंदा गिऱ्हाईक मिळालं नाही तर हे आवरायचं आणि तिथे आरामखुर्ची टाकायची, असं दोघांत ठरलंही होतं. (म्हणजे भाऊसाहेबांनी ठरवलं होतं. ती काही बोलली नव्हती.) आणि आज दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. नव्या इस्पितळाच्या बागेचा मुकादम, टेम्पो घेऊन. रोपं पसंत पडली तर अख्ख्या बागेची ऑर्डर. पण टेम्पो आत यायचा तर फाटकापाशी जागा हवी होती.

"अहो, गाडीवाला सकाळीच येतो म्हणालाय," बायकोने पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"गाडीवाला नेऊन काय करणार? कुठेतरी टाकून पेटवणार, तेही परवानगीशिवाय. त्यापेक्षा गावाला दिसू दे, नियमाने जाळणं कसं असतं."

ती जाळीखाली निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठे बोलायचं आणि कुठे रोपांना पाणी घालायचं, हे तिला कळत होतं.

भाऊसाहेबांनी काम मात्र देखणं केलं. ढीग तिथेच पेटवला नाही. परसाच्या मधोमध, घरापासून, झाडापासून आणि जाळीपासून लांब, जमीन खरवडून मातीचा मोकळा गोल काढला. कडेने पाणी शिंपडलं. दोन पिंपं भरून ठेवली, फावडं हाताशी ठेवलं. फांद्या उचलताना आत कुठे मांजर व्यालेलं नाही ना, तेही पाहिलं. एका वेळी घमेलंभरच पाला टाकायचा असं ठरवलं. आणि मग शेवटचा नियम आला. कार्यालयात कळवणे.

कार्यालयाला सुट्टी होती, पण कार्यालय म्हणजे भाऊसाहेबच. त्यांनी अर्जदार म्हणून परवानगी मागितली, अधिकारी म्हणून झाडाकडे बघितलं, अर्जदाराला थोडा वेळ ताटकळत ठेवलं, रॉकेलचं विचारलं, आणि अखेर नाइलाजाने मंजुरी दिली. कुठेही वशिला चालला नाही याचं त्यांना समाधान वाटलं.

पाला किंचित दमट होता. करडा, जाड धूर निघाला आणि वारा नसल्याने सुतासारखा सरळ वर गेला. भाऊसाहेब मान वर करून त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिले. असा सरळ धूर त्यांच्या कारकिर्दीत कुणी काढला नव्हता. तो गावाच्या दुसऱ्या टोकापर्यंत दिसत असेल असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यात त्यांना भूषण वाटलं.

तो दिसलाच. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या शाळेच्या निवृत्त बाई गच्चीत कपडे वाळत घालत होत्या. धूर भाऊसाहेबांच्या घरातून येतोय, हे पाहून त्यांनी हिशेब केला. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर म्हणता आलं असतं की कुणी काही जाळत असेल. पण नियमरावांच्या घरी कोण काय जाळणार? म्हणजे घरच पेटलं. बाई चिमटे तोंडात तसेच धरून जिना उतरल्या.

घंटा वाजायला लागली तेव्हा भाऊसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. कुणीतरी न कळवता जाळलं होतं. सुट्टीचा दिवस साधून. पथकप्रमुख म्हणून त्यांनी धावायला हवं होतं. पण पेटवलेल्या ढिगाजवळून हलायचं नाही, हाही नियम त्यांचाच. त्यांचा जीव दोन्हीकडे ओढू लागला. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. फावडं हातातच ठेवलं आणि चार पावलं कुंपणाच्या दिशेने जाऊन, आगीकडे पाठ करून, कुठे धूर दिसतोय का ते गावभर शोधू लागले. (नेमका आपल्या डोक्यावरचा सोडून.)

पळणाऱ्या पावलांचा आवाज आला. पथक फार लवकर निघालं होतं. भाऊसाहेबांचा ऊर भरून आला. पावलं गल्लीच्या तोंडाशी आली, गल्लीत वळली. "इकडे कुठे येतायत?" असं ते मोठ्याने म्हणाले, तेवढ्यात फाटक उघडलं आणि पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला आणि गळ्यात टेप तसाच लटकणारा शिंपी आत घुसले. मागे बाकीचे बादल्या घेऊन.

भाऊसाहेबांनी दोन्ही हात वर केले. "काही नाही, काही नाही."

गिरणीवाला थबकला आणि शिंप्याकडे वळला. "बघ. तेच म्हणतायत."

"अरे बाबांनो, मी शुद्धीत आहे."

"हेही म्हणतात, असं सांगितलं होतं," शिंपी म्हणाला.

"ऐका. मी मुद्दाम पेटवलंय. परवानगी घेऊन."

हे मात्र धड्यात नव्हतं. गिरणीवाल्याने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "भाऊसाहेब, मला तर कुणी सांगितलं नाही. कार्यालयात कळवलं होतं?"

"कळवलं होतं."

"कुणाला?"

भाऊसाहेबांनी फावडं जमिनीला टेकवलं. मग फार हळू आवाजात म्हणाले, "मला."

गिरणीवाल्याने शिंप्याला खूण केली. "धूर डोक्यात गेलाय. खुर्ची आण."

यापुढचं सगळं धड्याबरहुकूम झालं. दोघांनी दोन हात धरले. भाऊसाहेब रस्त्यावर आले. खाली खुर्ची आली, डोक्यावर ओला टॉवेल आला, आणि धापा टाकत पोचलेल्या बाईंकडे पाण्याचा तांब्या दिला गेला. बाईंनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. भाऊसाहेब उठायला लागले की त्या नुसतं "अं?" म्हणत, आणि भाऊसाहेब बसत.

आत पिंपं रिकामी होत असल्याचा आवाज येत होता. मग गिरणीवाल्याचा आवाज आला, "वहिनी, आधी काय बाहेर काढू?"

भाऊसाहेबांनी कान टवकारले. आता ती सांगेल, की बाबांनो, नुसता पाला आहे, घरी जा.

 मग तिचा शांत आवाज आला, "रोपं. सगळी. आडवी धरू नका."

रस्त्यापर्यंत माणसांची साखळी लागली. ट्रे हातोहात बाहेर येऊ लागले. ती फाटकात उभी राहून सांगत होती, फुलझाडं या कडेला, कुंपणाची त्या कडेला, उंच मागे, बुटकी पुढे. आग विझली होती, धूर थांबला होता, तरी कुणी थांबत नव्हतं. प्रमुखांनी शिकवलंच होतं की ढीग फोडून लांब नेल्याशिवाय आग विझली असं म्हणायचं नाही. तिने फाटकाजवळच्या, अजून न पेटवलेल्या फांद्यांकडे नुसतं बोट दाखवलं. पथकाने त्याही उचलल्या आणि पलीकडच्या खड्ड्यात नेऊन टाकल्या. गाडीवाल्याने दोन खेपांत केलं असतं ते काम फुकटात आणि पळत पळत झालं.

"हा चक्क गैरवापर आहे," भाऊसाहेब टॉवेलखालून म्हणाले.

"पाणी प्या," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात सायकलवाला हिरव्या जाळीचा एक तुकडा घेऊन आला. मध्ये ताटाएवढं भोक पडलं होतं आणि त्याच्या कडा वितळून काळ्या झाल्या होत्या. आम्ही शिरलो तेव्हा झुळकेसरशी उडालेली ठिणगी जाळीवर बसली होती, तो सांगू लागला. खालच्या ट्रेवर पडायला आली होती, मी टोपीने दाबली. झारी घेऊन वहिनी तेव्हा दुसऱ्या टोकाला होत्या.

भाऊसाहेबांनी तो तुकडा मांडीवर घेतला. चार पावलं. आगीपासून फक्त चारच पावलं गेले होते, आणि पाठ केली होती. बांध पेटवून जेवायला गेलेल्या त्या माणसाला त्यांनी भर कार्यालयात काय काय सुनावलं होतं, ते शब्द न् शब्द आठवले. मान वर केली तर बायको फाटकातून त्यांच्याकडेच बघत होती. तिनेही जाळी पाहिली होती.  येऊन टॉवेल सरकला होता तो नीट केला आणि परत गेली. त्यानंतर भाऊसाहेब "काही नाही" म्हणाले नाहीत.

आणि गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वाजला.

मुकादम उतरला तो बघतच राहिला. रस्त्याच्या दोन्ही कडांना रोपं ओळीने मांडलेली, उंच मागे, बुटकी पुढे, नुकत्याच उडालेल्या पाण्याने न्हायलेली. प्रत्येक ओळीशी एकेक धडधाकट माणूस बादली घेऊन उभा. मुकादम म्हणाला की एवढी मांडणी त्याने शहरातल्या रोपवाटिकेतही पाहिली नाही. तो ओळीतून फिरला, पानं उलटून पाहिली, एक रोप ट्रेतून उपसून मुळं पाहिली, आणि तिथेच रस्त्यावर सगळ्या बागेची ऑर्डर देऊन टाकली. पुढच्या हंगामाचीही.

"आणि ही माणसं?" त्याने विचारलं. "तुमचे कामगार?"

वहिनींनी सांगितलं की हे गावचं आगीचं पथक. काय झालं तेही दोन वाक्यांत सांगितलं. मुकादमाला हे आणखीच पटलं. इस्पितळाच्या मागे पाल्याचे ढीग लागणार होते, कुणीतरी काडी ओढेल अशी त्याला रोज धास्ती वाटत होती. असं पथक तिथेही हवं होतं. "यांना शिकवलं कुणी?"

भाऊसाहेबांच्या कानावर हे पडलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांना खुर्चीत ताठ बसता आलं. डोक्यावरचा टॉवेल सावरून, जाळीचा तुकडा घडी करून खिशात घालून ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "मी."

मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं. राखेने माखलेला चेहरा, टॉवेलमधून गळणारं पाणी, शेजारी तांब्या घेऊन बसलेल्या बाई.

"सगळे नियम माझेच आहेत," भाऊसाहेब म्हणाले. "या पथकाचा प्रमुख मी आहे."

गिरणीवाला मुकादमाच्या कानाशी वाकला. "तुम्ही मनावर घेऊ नका," तो हळूच म्हणाला. "घरमालक आहेत."

मुकादमाने खात्री करून घ्यावी म्हणून वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा फाटकापाशी मोकळ्या झालेल्या जागेकडे पाहिलं, आणि पहिला ट्रे उचलून टेम्पोकडे निघाल्या.

"त्यांचं ऐकायचं नाही," त्या म्हणाल्या. "तसा नियमच आहे."