हिमचौकीदार यंत्राने डॉफिनचे घर राखिले त्याची हकीकत

मॅनिटोबा प्रांती, डॉफिन मुक्कामी, जानेवारीचे थंडीने चढाई केली, ते समयी कोण लढले आणि यश कोणी लाटिले हे पुढिलांस कळावे म्हणोन हे वर्तमान लिहिले असे. आम्ही त्याच गल्लीत राहतो, ऐकीव काही नाही.

ओलेनाबाईसाहेब पेट्रिनचुक दरसाल हिवाळ्यास ॲरिझोनास जात आणि घराची किल्ली शेजारीण स्टेलाबाईंचे स्वाधीन करीत. घर कैलासवासी यजमानांनी स्वहस्ते बांधिलेले. तळघरातील पाण्याचा नळ गोठोन फुटला तर घर भिंतींसकट बुडालेच. यंदा जावई ड्वेन, मोठे नामांकित अभियंता, विनिपेगाहून आले आणि आपले कारखान्याचे हिमचौकीदार यंत्र बसवोन बोलिले की आता किल्लीची गरज नाही. त्यावर स्टेलाबाई इतकेच म्हणाल्या, "असू दे खुंटीवर. खायला थोडीच मागतेय ती."

यंत्राचे पोटी एक चिप. नळास बांधिलेली तार थंडीची कुजबुज करी, ती आकड्यांत उतरविणे हे या दुभाष्याचे काम. दुभाषी मिताहारी, एका बॅटरीवर दहा साले काढील ऐसा लौकिक. परंतु त्याचे सनदेत बारीक अक्षरी लिहिले होते की चाकरी शून्य ते सत्तर अंशांपावेतोच. म्हणजे गनीम वेशीत येताच चौकीदाराची रजा. आणि खाणे इतके कमी की स्वतःचे अंगी ऊबही नाही. ड्वेनसाहेबांनी बॅटरीचे कलम तेवढे वाचिले, आणि फोनची रेंज उत्तम म्हणोन पेटी मागील दारच्या उघड्या पडवीत ठोकिली. तेथे उणे तीस होताच दुभाष्याची जीभ आखडली आणि मग शेवटी वाचिलेला 'एकवीस अंश' हाच एक पाठ चालू राहिला.

थंडीचे आठवे दिवशी न्याहारीचे वेळी स्टेलाबाईंनी खिडकीतून पाहिले, तो गल्लीतील हरएक घरास ऊब देणारे भट्टीची पांढरी वाफ उभी आणि ओलेनाबाईंचे घरी काहीच नाही. मग फोन केला.

"ड्वेन, तुझ्या सासूची भट्टी विझलीय रे."

"मावशी, माझ्या फोनवर एकवीस दिसतंय. तुम्ही निवांत कॉफी प्या."

"कॉफी पिऊनच बोलतेय. तुझा फोन विनिपेगात आहे, मी खिडकीत आहे."

मग बाई जाड कोट चढवोन, झाडू आणि खुंटीवरील किल्ली घेवोन रवाना जाहल्या, आणि भट्टीचे वाफेची नळी बर्फाने बुजली होती ती दांड्याचे चार तडाखे देवोन मोकळी केली, आणि आत जावोन भट्टी पेटविली, आणि तोटी सोडिली तो बारीक धार आली. नळ शाबूत. त्यांचे डोळ्यांस पाणी आले, ते थंडीचे म्हणोन पुसिले.

मग पडवीतील गारठलेली पेटी, तार नळासच बांधिलेली ठेवोन, कोटात, काखेत घेतली. पाच मिनिटांत दुभाष्यास कंठ फुटला, नळ अद्याप एक अंशावर ऐसे वाचोन त्याने बोंब मारिली आणि विनिपेगात फोन खणखणला.

"मावशी, धावा, नळ गोठायला आलाय. बघा, यंत्रानं बरोबर पकडलं."

"पकडलं खरं. माझ्या काखेत बसून."

कारखान्याचे दप्तरी नोंद जाहली की हिमचौकीदाराने ऐन समयी इशारा देवोन घर राखिले. ॲरिझोनाहून ओलेनाबाईंचे फर्मान सुटले की यंत्रास थंडी सोसत नाही, सबब ते स्टेलाचे स्वयंपाकघरात ठेवावे, घराकडे स्टेला पाहील. तेणेप्रमाणे ते किल्लीचे रिकाम्या खुंटीवर टांगिले आहे. किल्ली बाईंचे खिशात. यंत्र रोज एकवीस अंश कळविते, आणि आता ते खरे असते. येणेप्रमाणे फत्ते जाहली.