प्रमाण गाडी

रविवारी सकाळी निरीक्षकांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि गाडीचं काय करायचं ते आता यंत्रच ठरवेल, असं जाहीर केलं.

"दहापर्यंत दोष निघाले तर ठेवू. अकरावा निघाला की भंगारात. पाच वाजता भंगारवाला येतोय."

"तपासायच्या आधीच बोलावलंत?" वहिनी म्हणाल्या. निरीक्षकांच्या बायकोला सगळी आळी वहिनीच म्हणे.

"यायला सांगितलंय. न्यायला नाही."

गाडी एकवीस वर्षांची होती. वहिनी पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्यावर चालवायला शिकल्या होत्या, आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत बसल्या की त्यांचे पाय गोंधळत. दर गुरुवारी हीच गाडी घेऊन त्या आईकडे जात. तिकडे बस नव्हती. पण हे काही कोष्टकात भरता येत नव्हतं. निरीक्षकांनी बत्तीस वर्षं वजनमापं तपासली होती. दुकानदाराचा चेहरा बघायचा नाही, तराजू बघायचा, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरात कुणाला ताप आला तर ते दोन थर्मामीटर लावत आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय गोळी देत नसत.

म्हणून गाडीचे दोष वाचणाऱ्या डब्याही त्यांनी दोन मागवल्या. काडेपेटीएवढी डबी. ती स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचली, की वायरशिवाय लॅपटॉपशी बोलते. पहिली डबी त्यांनी कुंपणापलीकडच्या दंतवैद्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या गाडीत खोचली.

"ही आपली प्रमाण गाडी," त्यांनी वहिनींना समजावलं. "प्रमाण वजन असतं ना, तशी. नव्या गाडीत शून्य दोष दिसले, म्हणजे यंत्र खरं."

डबी आणि लॅपटॉप यांची ओळख झाली, तेवढ्यात डॉक्टरांना पेट्रोल भरायचं आठवलं. डबीसकट गाडी निघाली.

"कशाला एवढं तपासताय, वहिनी?" जाता जाता डॉक्टर म्हणाले. "हलायला लागलं की काढून टाकलेलंच बरं." गेलं वर्षभर ते हेच सांगत होते.

दुपारी तीन वाजता निरीक्षकांनी दुसरी डबी स्वतःच्या गाडीत खोचली. तिचा दिवा काही लागला नाही. पण लॅपटॉपवर 'जोडणी झाली' असं आलं, आणि निरीक्षकांना तेवढं पुरलं. डॉक्टरही परतले होते. नेहमीप्रमाणे इंजिन चालू ठेवून गार हवेत फोनवर बोलत बसले होते. घरात त्यांना कुणी बोलू देत नसे.

"मागच्या कॅमेऱ्यात बिघाड," निरीक्षकांनी वाचलं.

"आपल्या गाडीला कॅमेरा आहे?"

"यंत्र म्हणतंय म्हणजे असणारच. आपणच एकवीस वर्षं शोधला नाही."

त्यांनी डिकीचं अस्तर काढलं. मग मागची सीट काढली. कॅमेरा मिळाला नाही, वहिनींचा हरवलेला चष्मा मिळाला.

"सीट गरम करायची सोय, नादुरुस्त."

"अहो, उन्हाळ्यात चांगली भाजते की!"

"इंजिन मिनिटाला आठशे फेऱ्या घेतंय."

"किल्ली माझ्या हातात आहे."

"मग आतल्या आत घेत असेल," असं म्हणून निरीक्षकांनी वहीत पुढचा आकडा घातला.

साडेचारला आकडा अठ्ठावीस झाला. त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "अठ्ठावीस दोष आहेत. दोर घेऊन या." वहिनींनी किल्ली पदरात गुंडाळली आणि त्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या.

भंगारवाला दोर घेऊन आला तेव्हा निरीक्षक लॅपटॉपवर शेवटच्या पानावर होते. तिथली बटणं दाबून हॉर्न आणि दिवे तपासता येत.

"आता हॉर्न."

"तो तीन वर्षं वाजत नाहीये," वहिनी म्हणाल्या.

"पद्धत म्हणजे पद्धत." त्यांनी बटण दाबलं.

हॉर्न वाजला. लांब, खणखणीत. निरीक्षकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "बघ! आणि आवाजही सुधारलाय."

वहिनी ज्या गाडीला टेकल्या होत्या ती गप्प होती. त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. डॉक्टर पायाशी पडलेला फोन शोधत होते.

"पुन्हा दाबा बरं," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा वाजला.

"आता दिवे."

पांढऱ्या गाडीचे चारही दिवे उघडमीट करू लागले. डॉक्टरांनी काच खाली केली. "वहिनी, या गाडीत माझ्याशिवाय कुणीतरी आहे हो!"

निरीक्षकांनी लॅपटॉपकडे पाहिलं, आपल्या विझलेल्या डबीकडे पाहिलं, मग प्रमाण गाडीकडे पाहिलं.

भंगारवाल्याने मात्र तोवर बॉनेट उघडलं होतं. "साहेब, या सॉकेटचा फ्यूज उडालाय. हॉर्नचाही हाच." त्याने खिशातून एक फ्यूज काढून बसवला. डबीचा दिवा लागला. निरीक्षकांनी पहिली ओळख पुसून दुसरी डबी जोडली, सगळी पानं पहिल्यापासून पाहिली, मग आणखी एकदा पाहिली.

"एक," ते म्हणाले. "हवा मोजणारा सेन्सर मळलाय."

"मग?"

"नियमाने गाडी राहते."

"नियमाने राहते ना? मग नियमाने मागची सीट बसवा. गुरुवारी मला आईला दवाखान्यात न्यायचंय."

भंगारवाला अजून दोर हातात धरून उभा होता. "साहेब, फोनवर अठ्ठावीस म्हणाला होतात. ती गाडी कुठली?"

बत्तीस वर्षांत निरीक्षकांनी खोट्या मापावर एकदाही सही केली नव्हती. त्यांनी बोट कुंपणापलीकडे केलं.

डॉक्टरांनी घाईघाईने काच वर घेतली. ती अर्ध्यावर अडकली.

"एकोणतीस," निरीक्षक म्हणाले, आणि त्यांनी वही पुन्हा उघडली.