जसं आलं तसं

ढोबळेला "साहेब आले का?" एवढं साधं विचारायचीही सोय नव्हती. उत्तर हो किंवा नाही यातलंच एक असायचं, पण तिथपर्यंत पोचायला ढोबळे सकाळपासून निघायचा.

"पहिले मी आलो. मंग चपराशी आला, त्यानं एसी लावला. मंग लाइट गेली. मंग तुहा फोन आला, लेट येतो म्हणून..."

"अरे, पण साहेब आले का?"

"तेच सांगून राहिलो ना गा. मधात बोललं का पहिल्यापासून सांगा लागते."

आणि खरोखरच तो पहिल्यापासून सांगायचा. तोवर साहेब मागे येऊन उभे राहिलेले असायचे.

आडनाव ढोबळे, पण या माणसात ढोबळ असं काही नव्हतं. ऐंशीच्या दशकात नागपूरला सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर नवानवा आला, तेव्हा प्रोग्राम लिहायला आम्ही दोघंच होतो. मी राऊत, आणि हा नामदेव ढोबळे. मशीनला धूळ चालत नाही म्हणून चपला खोलीबाहेर काढाव्या लागत. त्याही ढोबळे आल्या क्रमानं लावून ठेवायचा. साहेब शेवटी येत, म्हणून त्यांचे बूट शेवटी. साहेबांना ते टोचायचं, पण बोलणार काय?

कोपऱ्यावरच्या टपरीत तर्री-पोहे खायला गेलो, की आणखी एक तऱ्हा. आधी पोहे, त्यावर तर्रीचा झणझणीत रस्सा आणि मग कांदा, हा तिथला रिवाज. एखाद्या दिवशी पोहेवाल्यानं घाईत कांदा आधी टाकला, तर ढोबळे भांडायचा नाही, प्लेट परतही करायचा नाही. नुसता बघत राहायचा. "कांदा बुडाला गा," असं एखादा ओळखीचा माणूस गेल्यासारखं म्हणायचा आणि हळूहळू खायचा.

खरं खूळ मात्र प्रोग्राममध्ये होतं. रिटायर झालेले कामगार यायचे, कारकून त्यांना विचारून माहिती मशीनमध्ये भरायचा. आधी इंग्रजीत मथळा, त्यापुढे माहिती: नाव, गाव, बायको, मुलं, ज्याला जे जसं आठवेल तसं. माझा प्रोग्राम ही माहिती आत घेताना सगळे मथळे ए-बी-सी-डीनं लावून टाकायचा. शोधायला सोपं जायचं. छापून बाहेर आलं, की पत्ता सर्वांत वर, नाव मध्ये कुठंतरी, आणि 'वाइफ' डब्ल्यूवर येते म्हणून पार तळाला. माहिती तीच, इकडचा काना तिकडे नाही.

ढोबळेनं कागद उलटसुलट करून पाहिला. "बायको खाली काहून गेली?"

"मशीनले काय फरक पडते गा?"

"मशीनले नाही पडत. पण त्या बुढ्यानं बायको पहिले सांगतली होती. जसं आलं तसं गेलं पायजे."

मग त्यानं आपलं सुरू केलं. प्रत्येक मथळ्याबरोबर तो कितवा आला हेही मशीननं लक्षात ठेवायचं आणि बाहेर काढताना त्याच क्रमानं काढायचं. एखाद्या मथळ्यापुढे काही भरलेलंच नसलं, तरी तो गाळायचा नाही. "रिकामा आहे, पण आपल्या जागेवर आहे. राहू दे." याचा परिणाम एवढाच झाला, की आम्ही चहा पिऊन परत आलो तरी मशीन पहिल्याच कागदावर अडलेलं असायचं.

शेवटी साहेब वैतागले. ढोबळे त्या दिवशी वडिलांना बरं नाही म्हणून रजेवर होता. साहेब मला म्हणाले, "ते क्रमाचं लचांड उद्यापर्यंत काढून टाकायला सांगा. नाहीतर ढोबळेंना मी आवक-जावकला बसवतो. तिथे लावा म्हणावं काय क्रम लावायचा तो."

ढोबळेला मशीनपासून उठवणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. त्याच संध्याकाळी मी महाल भागात त्याच्या घरी गेलो. घरात बाप-लेक दोघंच. बाहेरच्या खोलीत ढोबळे चहाचा कप हातात धरून आतल्या दाराआड उभा होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं ओठांवर बोट ठेवलं. आत खाटेवरून वडिलांचा जड आवाज येत होता.

"परभ्या... इमले... सुध्या..."

मग आवाज थांबला. म्हातारा अडला असं वाटून मी मदतीला धावलो. "नामदेव पायजे का, बाबा?"

थोड्या वेळानं पुन्हा, "परभ्या..."

"झालं," ढोबळे कुजबुजला. "मधात बोलला तू. आता पहिल्यापासून."

दारातच उभं राहून त्यानं मला सांगितलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून वडिलांना कुणाचंच नाव एकदम सापडत नाही. थोरल्यापासून एकेक पोराचं नाव घेत यावं लागतं, आणि हा सगळ्यांत धाकटा. परभाकर मुंबईला, इमल आणि कुसुम सासरी.

"अन् सुध्या?"

"तो लहानपणीच गेला. मी पायलाही नाही त्याले. पण त्याले काढता नाही येत गा. सुध्या काढला, तं बाबाइले पुढचं सापडत नाही."

"मंग तू जात काहून नाही आत? तुलेच बोलावून राहिले ना."

"मी दिसलो का थांबते ते. काम झालं ना त्याइचं. नाव राहूनच जाते." तो कपाकडे पाहत म्हणाला, "आज सकाळपासून एकदाही पोचले नाही माह्यापावतर."

आम्ही उभे राहिलो. मशीनचा उशीर मला सहन व्हायचा नाही, पण तिथे मी श्वासही जपून घेत होतो. आतून परभ्या आला, इमल आली, सुध्या आला. बऱ्याच वेळानं कुसुम आली. पुढे काहीच येईना. ढोबळेचे ओठ आवाज न करता हलत होते.

"नाम्या."

"हव, बाबा," ढोबळे म्हणाला आणि आत गेला. चहा केव्हाच थंड झाला होता. ज्या निरोपासाठी गेलो होतो तो न देताच मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी ढोबळे कामावर आला होता. साहेबांनी मला विचारलं, "काढलं का ते?"

"निघत नाही, साहेब," मी म्हणालो. "ते काढलं तर पुढचं सापडत नाही."

साहेबांना प्रोग्राममधलं काही कळत नसे, ही त्या दिवशी मोठी सोय झाली. तरी त्यांनी चष्म्यावरून पाहिलंच. "ढोबळे, खरं आहे का हे?"

ढोबळेनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची सरकवून उभा राहिला.

"सांगतो, साहेब. पहिले मी आलो. मंग चपराशी आला, त्यानं एसी लावला..."

साहेब मध्ये बोलायला निघाले होते. मी हळूच ओठांवर बोट ठेवलं.