पावतीऐवजी साक्षीदार

"साक्षीदार सोमा लखमा धोडी, राहणार आशागड, हाजीर होऽऽ!"

डहाणू रोडच्या बाजारात, आमच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवरून भरदुपारी अशी आरोळी आली की नवखं गिऱ्हाईक दचकायचं. आम्ही मात्र निमूटपणे काउंटर रिकामा करायचो. राऊतकाका शर्ट परत करायला आलेले असायचे.

गल्ल्यामागे शेठनी पाटी लावली होती : 'बिलाशिवाय माल परत घेतला जाणार नाही.' काका बिल कधीच ठेवत नसत. बाहेर पडता पडता त्याची गुंडाळी करून कान कोरायचे. बिल मागितलं की म्हणायचे, "कागद काय, कोणीही लिहितो. साक्षीदार शपथेवर बोलतो." आणि खरोखरच साक्षीदार घेऊन यायचे.

काका कोर्टात शिपाई होते. दाराशी उभं राहून पक्षकारांची, साक्षीदारांची नावं तीनदा पुकारायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण पुकारा काही सुटला नाही. सोमा रिक्षावाला त्यांच्या अगदी मागेच उभा असायचा, तरी त्याला तीनदा पुकारल्याशिवाय आत घेत नसत.

"काय पाहिलं तू?" शेठ विचारायचे.

"काका दुकानात गेले तवा हात मोकळे होते. आले तवा पिशवी होती."

"पिशवीत शर्ट होता, ते पाहिलं?"

सोमा काकांकडे बघायचा. काका छताकडे. "साक्षीदाराला फोडू नका," म्हणायचे.

एकदा चिंचणीची एक मावशी आणली. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी. "साक्ष देते रे बाबा, पण पाटी भायेर ठेवू की आत आणू?" काका म्हणाले, "आतच आणा." पाच मिनिटांत साड्यांच्या कपाटापर्यंत वास पोचला. शेठनी एक शब्द न विचारता शर्ट बदलून दिला. जाताना काका माझ्या कानाशी म्हणाले, "साक्षीदार असा निवडावा, की निकाल लवकर लागावा."

शर्ट परत का यायचे, त्याचंही एक कारण होतं. काकांची छाती सरकारी होती. मी टेप काढली की हात वर करायचे. "टेप लावू नको. नोकरीला लागलो तेव्हा सरकारनं मोजलीय. बेचाळीस." माणूस वाळून अडतीसवर आला होता, पण सरकारी नोंद कोण बदलणार? ते बेचाळीस नेत, आठ दिवसांनी साक्षीदारासह परत येत, चाळीस नेत. तोही मोठा व्हायचा. मग पुन्हा साक्षीदार. शेठ त्यांना बघून हसायचे, "आवी गया पाछा? आलात परत? आज साक्षीदार कोण आहे?"

शर्ट बदलून झाला की काका साक्षीदाराला समोरच्या टपरीवर न्यायचे. त्यांचा नियमच होता, साक्ष झाली की साक्षीदाराला चहा. तासभर बसायचे. आशागडच्या दोन खोल्यांत ते एकटेच राहत, लग्न केलेलं नव्हतं. चुकीच्या मापाचा एक शर्ट म्हणजे कोणाबरोबर तरी तासभर चहा, हे मला फार उशिरा कळलं.

आता जे सांगतोय ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

त्या दुपारी शेठ जेवायला गेले होते. काका आले, पुकारा न करता. चपला बाहेर काढून आत आले, जसे देवळात येतात. मला म्हणाले, "सुधीर, एक साडी दाखव. डोळ्यांना त्रास न देणारी."

मी ढीग घातला. एकेक बघून ते मान हलवत होते. शेवटी चिंतामणी रंगाची एक सुती साडी त्यांनी बाजूला काढली. "जरा खांद्यावर घे बघू." मी घेतली. त्यांनी चष्मा पुसला, दोन पावलं मागे गेले, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छे, तिचे खांदे असे नाहीत. पण चालेल."

'तिचे' म्हणून गेले आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

मला न सांगता कळलं. कोर्टासमोर झाडाखाली मालतीबाई टाइपरायटर घेऊन बसायच्या. लोकांचे अर्ज टाइप करायच्या. विधवा बाई, कडक, एका चुकीला पूर्ण कागद फाडणाऱ्या. दुपारच्या सुट्टीत काका त्यांच्या शेजारच्या बाकावर चहा प्यायचे. निवृत्तीनंतरही दुपारी न चुकता तिथे असायचे. साक्षीदार मिळो न मिळो, हा चहा रोजचा.

मी बिलबुक उघडलं तसा त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पावती नको रे. पावतीवर नाव येतं." शेठ रात्री प्रत्येक बिल मोठ्यानं वाचायचे, हे त्यांना माहीत होतं. पिशवीवरही दुकानाचं नाव, म्हणून तीही नको. मी साडी जुन्या वर्तमानपत्रात बांधून दिली. पैसे गल्ल्यात टाकले. बिलाशिवाय माल दिला तर नोकरी जाईल, असा शेठचा दम होता. माझ्या आधीचा माणूस तेवढ्यावरूनच गेला होता.

चार दिवसांनी काका पुन्हा आले. काखेत तीच पुडी. बरोबर कोणी नव्हतं.

"बाई रागावल्या नाहीत," ते हळूच म्हणाले. "पण म्हणाल्या, राऊत, या वयात हे काय? आधी ही दुकानात परत देऊन या, मग पूर्वीसारखा चहा घेऊ. म्हणजे काही झालंच नाही असं." त्यांनी पुडी काउंटरवर ठेवली. "परत घे बाबा. नाहीतर त्या झाडाखाली मला जाता येणार नाही."

मी पुडी उचलणार, एवढ्यात शेठ आत आले.

"काका! साडी? कोणाची?" त्यांनी पुडी उलगडली. किमतीचा कागद काकांनी भेट म्हणून आधीच सोलून काढला होता. "बिल?"

"नाही."

"मग साक्षीदार पुकारा!" शेठ हसत होते. दुकानातली दोन गिऱ्हाईकंही हसली.

काका म्हणाले, "साक्षीदार आहे. पण त्याला मी पुकारणार नाही. त्याला वाटलं तर तो बोलेल."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कपाटातल्या साड्यांकडे बघत राहिले.

शेठनी साडी माझ्यापुढे धरली. "काय रे सुधीर, आपला माल आहे?"

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती, घर भाड्याचं होतं. ही कारणं खरी आहेत आणि त्यांचा काही उपयोग नाही. मी साडीचा पदर हातात घेतला, जणू पहिल्यांदाच बघतोय असा दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणालो, "नाही शेठ. आपल्याकडे असला पदर येत नाही."

मग काका म्हणाले, "बरोबर. माझीच चूक. मी चिंचणीला घेतली असेल." साडीची घडी त्यांना जमेना. मी हात पुढे केला, तर "राहू दे" म्हणाले. चुरगळलेली साडी वर्तमानपत्रात गुंडाळून बाहेर पडले.

मी पाण्याचं निमित्त करून मागे धावलो. "काका, बाईंना सांगा ना, परत केली म्हणून! त्या कुठे बघायला येणार आहेत?"

ते थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "आज एक खोटं बोललो. पेन्शनरला तेवढं पुरे."

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. एकदा कासाच्या बाजारात दिसले. अंगातला शर्ट एवढा मोठा, की वाऱ्यानं पाठीवर फुगा आला होता. परत करायला गेलेच नव्हते. मी मिरच्यांच्या पोत्याआड उभा राहिलो, ते जाईपर्यंत. कोर्टासमोरचा बाक दुपारी रिकामा असायचा. पुढे कॉम्प्युटरवाले आले, मालतीबाईंनी टाइपरायटर विकला आणि त्या तलासरीला भाचीकडे राहायला गेल्या.

यंदा शेठनी दुकान बंद केलं आणि ते मुलाकडे वापीला गेले. नोकरी गेल्यावर मला धीर आला, यात सांगण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच दिवशी आशागडला गेलो.

काका चिकूच्या झाडाखाली बनियनवर बसले होते. बनियनही मोठाच. मला पाहून म्हणाले, "शेठनं दुकान बंद केलं म्हणे. आता माझे शर्ट कोण परत घेणार?" जणू काल-परवाच येऊन गेले होते.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "काका, ती साडी परत घ्यायला आलोय. आणि तलासरीला तुमच्याबरोबर येतो. बाईंना मी स्वतः सांगतो."

त्यांनी मांडीवरचा चिकूचा पाला गोळा केला. मग म्हणाले, "बाई गेल्या रे. दोन वर्षं झाली. भाचीचा निरोप आला होता, पण मी गेलो नाही. साडी घरात ठेवून कुठल्या तोंडानं जाणार?"

मी निघायला वळलो.

"थांब," काका म्हणाले. भिंतीला धरून उठले, आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती वर्तमानपत्राची पुडी होती, पिवळी पडलेली. ती त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. स्वतः दाराच्या चौकटीत ताठ उभे राहिले. बनियन खाली ओढला. आवाज आता फाटला होता, तरी शेजारच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली.

"साक्षीदार सुधीर बाळकृष्ण पाटील हाजीर होऽऽ!"

मी समोरच उभा होतो. तरी त्यांनी तीनदा पुकारलं.

"हाजीर," मी म्हणालो. "ही साडी आमच्या दुकानातली आहे. मी विकली. राऊतकाका परत द्यायला आले होते. मी खोटं बोललो."

काका माझ्याकडे बघत नव्हते. खुर्चीकडे बघत होते, तिकडून काही विचारलं जाईल अशा अपेक्षेनं. कोणी काही विचारलं नाही. मग त्यांनी मान हलवली आणि स्टो पेटवायला आत वळले.

"बस," आतून आवाज आला. "साक्षीदाराला चहा घेतल्याशिवाय जाता येत नाही."