अर्ध्या इंचाचा नेम

"या वर्षी एल्क पडला म्हणूनच समजा!" लाइल टॉर्गर्सनने जून महिन्यातच जाहीर करून टाकलं. "कुठं उभं राहायचं तेवढं त्यानं ठरवावं, बाकीचं माझ्याकडे लागलं!"

त्याचा उत्साह समजण्यासारखा होता. मिझुरी नदीच्या दऱ्यांत नर एल्क, म्हणजे सांबराहूनही थोराड हरीण, मारायचा परवाना सोडतीत निघतो, आणि लाइल सोळा वर्षं अर्ज करत होता. परवाना एकाच हंगामापुरता. तो वाया गेला की पुन्हा रांगेच्या टोकाला. लाइलला बावन्न संपून त्रेपन्नावं लागलं होतं, तेव्हा पुढच्या खेपेला त्याला धरूनच डोंगरावर न्यावं लागलं असतं.

असा परवाना हाती आल्यावर साधा माणूस घरातली रायफल पुसतो आणि चालू लागतो. लाइलच्या घरात चार होत्या. त्याने पाचवी घ्यायची ठरवली. एक जड वाटली, एक हलकी वाटली, एकीचा धक्का जास्त, एकीचं लाकूड मनात भरेना. महिनाभर लुईस्टाऊन गावातली बंदुकांची सगळी दुकानं पालथी घालून त्याने शेवटी घेतली ती पहिल्या दिवशी पहिल्या दुकानात पाहिलेली.

"काडतुसंही घेतलीस ना?" त्याच्या बायकोने, अर्लिसने विचारलं.

"दुकानातली?" लाइलचा चेहरा पडला. "मी घरी भरणार! प्रत्येक नळीची आवड वेगळी असते गं. तिला काय मानवतं ते धीरानं शोधावं लागतं."

"माझ्या बाबतीत हा धीर कधी दिसला नाही तो!" अर्लिस म्हणाली आणि कामाला लागली.

लाइल गॅरेजमध्ये शिरला. बंदुकीची दारू दाण्यादाण्याने तोलायची, प्रत्येक गोळी वजन करून निवडायची, काडतुसांची पितळी नळकांडी आरशासारखी घासायची. एका शनिवारी त्याने अशी साठ रिकामी नळकांडी धुऊन वाळायला ओव्हनच्या तळाशी ठेवली आणि सांगायचं राहून गेलं. त्या दिवशी अर्लिसचे वडील हार्लन जेवायला येणार होते. तिने ओव्हन तापवला, वरच्या जाळीवर बटाटे-चीजचं भांडं सरकवलं. तासाभराने दार उघडलं आणि ती किंचाळली.

"लाइल! ओव्हनमध्ये काडतुसं?"

"रिकामी आहेत गं! किती डिग्री होती?"

"माझं चीज गळलंय त्यांच्यावर!"

"चीजचं काय घेऊन बसलीस! पितळ मऊ पडलं असेल!"

साठच्या साठ नळकांडी कचऱ्यात गेली. हार्लननी मात्र बटाटे दोनदा घेतले.

"जावईबापू," ते तोंड पुसत म्हणाले, "मी अडतीस एल्क मारले, दुकानातल्या काडतुसांनी. त्यांतला एकही तक्रार घेऊन आला नाही."

"तुमचा काळ वेगळा होता, हार्लन!"

"एल्क तेच आहेत."

लाइल पुन्हा पहिल्यापासून लागला. सप्टेंबरात त्याला गोम सापडली. गोळी नळकांड्यातून जरा बाहेर काढून बसवली, की तिचं नाक बंदुकीच्या नळीतल्या पिळदार आट्यांना टेकतं आणि नेम सुधारतो. त्याने ती केसभर बाहेर काढली. नेम सुधारला. अजून केसभर! अजून सुधारला! शिकारीचा हंगाम उघडला तरी गडी सरावाच्या मैदानावरच. चार आठवडे असे गेले आणि एका दुपारी शंभर यार्डांवर पाच गोळ्या अर्ध्या इंचात बसल्या. तो निशाणाचा कागद त्याने पोस्टात दाखवला, चर्चमध्ये दाखवला. दंतवैद्याकडे तोंड उघडं होतं, तर कागदाकडे नुसतं बोट दाखवलं.

"पण एल्कला माहितीये का अर्ध्या इंचाचं?" अर्लिसने विचारलं.

हंगामाचा शेवटचा रविवार उजाडला. मारलेला एल्क ओढायला मदत म्हणून हार्लनही निघाले, हातात नुसती काठी आणि कॉफीचा थर्मास. दरीच्या तोंडाशी उजेड फुटल्यावर लाइलने मॅगझीन, म्हणजे रायफलची काडतुसांची पेटी, भरायला घेतलं. काडतूस आत बसेना! दुसरं घेतलं, तेही बसेना. गोळ्या इतक्या बाहेर आल्या होत्या की काडतूसच लांब झालं होतं. पाच महिने हा पठ्ठ्या टेबलाशी बसून एकेक काडतूस हातानेच नळीत सारत होता. मॅगझीनशी गाठ पडायची वेळच आली नव्हती.

"एक पुरतं," तो म्हणाला. त्याने एकच काडतूस थेट नळीत सारलं आणि मागचा बोल्ट, म्हणजे नळी बंद करणारा खटका, जोर लावून दाबला.

पाव मैलावर काटेरी तारेचं कुंपण आलं. हार्लन थांबले.

"रिकामी कर. भरलेली बंदूक घेऊन माझ्यासोबत कुणी तार ओलांडत नाही."

लाइलने बोल्ट ओढला. नळकांडं बाहेर आलं. गोळी आली नाही! ती आट्यांत घट्ट रुतून बसली होती. नळकांड्यातली तोलून-मापून भरलेली दारू भसकन सांडली आणि बोल्टच्या खाचांत, घोड्याच्या फटींत, सगळीकडे जाऊन बसली.

"हे काय?" हार्लननी विचारलं.

"गोळी नळीत अडकली. आता दुसरं काडतूसही जाणार नाही."

"काढ मग."

"ठोकून काढायची सळई गॅरेजमध्ये आहे."

एवढ्यात झुडपं हलली. नर एल्क बाहेर आला. सहा-सहा फाट्यांची शिंगं, नाकातून वाफ. कुंपणापलीकडे आडवा उभा राहिला आणि सावकाश गवत खाऊ लागला. सोळा वर्षं समोर उभी होती. सवयीने त्याने अंतर मोजायची दुर्बीण डोळ्याला लावली.

"एकोणतीस यार्ड," तो कसाबसा पुटपुटला.

हार्लननी थर्मास उघडला, कॉफी ओतली. एल्कने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि रमतगमत दरीत उतरून गेला. हार्लननी कप रिकामा केला.

"जावईबापू," शेवटी हार्लन म्हणाले, "एवढ्या अंतरावरून तुझी गोळी किती चुकली असती रे?"

लाइलने डोळे मिटून, शंभर यार्डांना अर्धा इंच धरून, मनातल्या मनात गणित केलं.

"इंचाचा सातवा हिस्सा," तो म्हणाला. आणि खरं सांगायचं तर, म्हणताना त्याला थोडं बरंही वाटलं.